खड्ड्यात पहिला कोण उतरतो?

पुण्याच्या खराडीत पत्र्याचं कुंपण दिसलं की आत बेसमेंटचा खोल खड्डा आहे असं समजावं. आमच्या गल्लीच्या टोकाला गेल्या महिन्यात असाच एक खोदला. पत्र्याच्या फटीतून पाहिलं, तर पोकलेननं उभ्या कापलेल्या काळ्या मातीत वीतभर जाडीचा राखाडी पट्टा दिसला. पांढर तर नव्हे? पडलेली मातीची घरं, चुलीतली राख, फुटकी मडकी साचून जी माती होते ती पांढर. शेताची ती काळी. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा नव्हता. माती रात्रीच डंपरमधून गेली होती. तो पट्टा कशाचा, हे आता कुणीही सांगू शकणार नाही.

पुरातन वस्तूंवर हक्क कुणाचा, सरकारचा, जागामालकाचा की गावाचा, यावर आपण तावातावानं बोलतो. पण खड्ड्यात सगळ्यांत आधी उतरतो तो मजूर. त्याला कुणी काही विचारत नाही आणि सांगतही नाही.

चिखलीचं आठवा. तिथं बांधकामाच्या खोदाईत सापडलेली २१६ सोन्याची नाणी आणि एक भांडं पिंपरी-चिंचवड पोलिसांनी २०२१ साली जप्त केलं. अठराव्या शतकातली नाणी, वजन सव्वादोन किलोंच्या वर. ती मजुरांनी घरी नेऊन ठेवली होती. बातम्या आल्या त्या चोरी पकडल्याच्या थाटात. पण १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे, आणि त्यात काय लिहिलंय? जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. पुरणाऱ्याचा वारस पुढे आला नाही आणि आधी काही करार नसेल, तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे, एक जागामालकाचा. सरकारला ते स्वतःकडे ठेवायचं असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग मोजावा लागतो. दडवून ठेवलं, तर हिस्साही जातो आणि वर एक वर्षापर्यंत कैद.

म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षं मजुराचा हक्क कागदावर आहे, आणि मजुराला फक्त पोलीस माहीत आहेत. मग तो नाणी गोधडीत लपवणार नाही तर काय करणार? मुकादमाला दाखवली, तर ती मुकादमाची होणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

सोन्याचा निदान बोभाटा तरी होतो. मला जास्त काळजी खापरांची वाटते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडांत डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती निघाली. मेलेलं लेकरू ते लोक दोन मातीच्या भांड्यांत, तोंडाला तोंड लावून, राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. ते लेकराला घराबाहेर जाऊ देत नव्हते, हे आपल्याला त्या मडक्यांमुळे कळलं. अशी दोन मडकी उद्या पोकलेनच्या दातात आली, तर डंपरमध्येच जाणार. त्यांना बाजारात भाव नाही, त्यामुळे ती कुणी चोरणार नाही आणि कुणाचं लक्षही जाणार नाही.

आपले पुरातत्त्व कायदे राखतात ते घोषित स्मारक आणि त्याचा परिसर. पुण्यातल्या पाताळेश्वर लेण्याभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे, ती हवीच. मुळा-मुठेच्या काठची माती मात्र कुणी घोषित केलेली नाही, आणि हजारो वर्षं माणसं राहत आली ती नदीकाठांनाच. इंग्लंडमध्ये १९९० पासून नियोजनाचं धोरण असं आहे, की पुरातन अवशेष असण्याची शक्यता असलेल्या जागेची आधी पाहणी होते आणि खर्च बांधणारा करतो. आपल्याकडे खराडीपासून नगर रस्त्यानं शहराकडे आलं की येरवड्यात डेक्कन कॉलेज आहे. पायाचा खड्डा उघडा असेपर्यंत तिथल्या पुरातत्त्वाच्या एका विद्यार्थ्याला दोन तास त्याची कापलेली भिंत पाहू द्यावी, ही अट बांधकाम परवान्यात घालायला किती खर्च येईल?

आणि कुंपणावर फ्लॅटची जाहिरात असते, तिच्या शेजारी एक फलक हवा. मराठीत, हिंदीत, बंगालीत, जे मजूर आत असतील त्यांच्या भाषेत. वर जिल्हाधिकारी कार्यालयाचा फोन नंबर. खाली मोठ्या अक्षरांत: ‘मडकं, नाणं, मूर्ती, हाड, काहीही दिसलं तर हात थांबवा आणि फोन करा. पुरलेल्या धनाला वारस निघाला नाही, तर त्याच्या चारातले तीन हिस्से कायद्यानं तुमचे आहेत.’