तेहतीस फुटांची चकाकी

प्रवासाची हौस असणारी माणसं वेगळी आणि प्रवासाचं वाहन राखायची हौस असणारी वेगळी. पहिल्यांच्या गाडीवर धूळ असते, दुसऱ्यांच्या डोक्यात. फ्लोरिडात टँपाजवळ राहणारे आमचे अप्पा हे दुसऱ्या जमातीतले अगदी वरच्या फळीचे गृहस्थ.

अप्पांकडे आरव्ही आहे. म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. पुढे ड्रायव्हरची केबिन, मागे पलंग, ओटा, फ्रिज, न्हाणीघर, सगळं ३३ फुटांत बसवलेलं. नोकरीतून सुटल्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "आता अख्खी अमेरिका बघायची." वहिनींनी त्याच रात्री यादी केली : ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन, स्मोकी माउंटन्स. ती यादी आरव्हीतल्या फ्रिजवर अजून चिकटलेली आहे. फ्रिज पुसताना अप्पा ती काढतात आणि पुसून झालं की होती तिथेच, सरळ रेषेत लावतात.

गाडी धुणं हा अप्पांचा छंद आहे असं म्हणणं म्हणजे वारकऱ्याला चालायची आवड आहे म्हणण्यासारखं. कॉलनीच्या नियमाप्रमाणे आरव्ही घरापुढे ४८ तासांच्यावर उभी करता येत नाही. एरवी ती भाड्याच्या आवारात असते आणि तिथे नळ नाही. त्यामुळे ४८ तासांसाठी गाडी घरी आली, की अप्पांच्या चेहऱ्यावर माहेरवाशीण आल्याचा आनंद असतो. पहाटे पाचला ते शिडी लावून टपावर. उन्हात साबण वाळला की डाग पडतात आणि फ्लोरिडाचं ऊन नऊनंतर ऐकत नाही.

"आधी टप," अप्पा वरूनच सांगतात. टप रबराचा आहे. पेट्रोलजन्य काही लागलं तर ते रबर फुगतं, म्हणून त्याचा साबणही वेगळा. "लोक आधी बाजू धुतात, मग टप. सगळी घाण खाली येते. आणि वर मलाच विचारतात, अप्पा, हे काळे ओघळ कसले?" मग दोन बादल्या येतात. एक साबणाची, एक मोजा खळबळायची. दोन्हींच्या तळाशी जाळी, म्हणजे खाली बसलेली रेती पुन्हा वर यायला नको. हातात घालायचा मऊ मोजा जमिनीवर पडला तर बाद. झटकून चालत नाही. रेतीचा एक कण अडकला तरी गाडीवर चरा उमटतो. मागे जावई मदतीला आले होते. त्यांचा दुसरा मोजा पडल्यावर अप्पांनी त्यांना अदबीने खुर्ची दिली आणि कॉफी पाजली. जावई अजून समजतात की आपला मान ठेवला.

एकदा वहिनींनी साबण संपला म्हणून भांड्यांचा साबण पुढे केला. अप्पा काही बोलले नाहीत, पण दिवसभर जेवले नाहीत. त्या साबणाने आधी लावलेलं मेण निघून जातं. आणि मेण हा तर गाभारा. धुणं ही नुसती पायरी.

हे मेण कार्नौबाचं. ईशान्य ब्राझीलमध्ये ताडाच्या कुळातलं एक झाड आहे, ते कोरड्या दिवसांत पानांतलं पाणी राखण्यासाठी त्यांच्यावर मेणाचा थर चढवतं. पानं तोडून, वाळवून, झोडपून ते काढतात. अप्पांना हे कोणीही विचारलेलं नसताना सांगायला आवडतं. "झाडाला कळतं ऊन काय चीज आहे ते. माणसाला कळत नाही." फायबरग्लासवर गेलकोट नावाचा जो तकतकीत थर असतो, तो उन्हाने हळूहळू मरतो आणि त्याची पूड होते. त्यासाठी मेण. दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा घ्यायचा, पातळ थर, धुरकट झाला की मऊ फडक्याने पुसायचा आणि पुढचा तुकडा. ३३ फूट, दोन बाजू, पुढचा नि मागचा भाग. सावली सरकली की अप्पा गाडी सुरू करतात, तोंड फिरवून पुन्हा उभी करतात. गाडी जेवढे मैल चालली आहे त्यातले निम्मे तरी या सावलीच्या पाठलागात गेले असावेत, असा वहिनींचा हिशेब आहे.

त्या पुडीपायी अप्पांना एक खोड लागली आहे. पार्किंगमध्ये परक्याची आरव्ही दिसली की ते सहज चालत जातात, आडबाजूला तर्जनी फिरवतात आणि बोटावरची पांढरी पूड मालकासमोर धरतात. फार दुःखाने. एखाद्या डॉक्टरने रिपोर्ट दाखवावा असा चेहरा करून. आश्चर्य म्हणजे यातून भांडण होत नाही, मैत्री होते. टेनेसीचा एक निवृत्त फायरमन असाच त्यांना गाठ पडला. कार्नौबा चांगलं की हल्लीचं सिरॅमिक, यावर दोघं सकाळी दहाला बोलायला बसले ते दिवेलागणीला उठले. तोवर दोघांच्या बायका तळ्यावर जाऊन, नाव वल्हवून, मासे पकडून, ते सोडूनही देऊन आल्या होत्या.

म्हणजे अप्पा कुठे जातच नाहीत असं नाही. जातात, पण जागा निवडायची त्यांची पद्धत वेगळी. कॅम्पग्राउंडला फोन लावला की पहिला प्रश्न, "गाडी धुवू देता का?" बऱ्याच ठिकाणी देत नाहीत. जिथे देतात तिथे झाडाखालची जागा नको, चीक गळतो, पक्षी बसतात. उघड्यावर नको, ऊन. समुद्राजवळ नको, खारा वारा. वाळवंटात धूळ, उत्तरेला हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. मे आणि सप्टेंबरात फ्लोरिडातच लव्हबग नावाचे काळे किडे जोडीजोडीने उडतात आणि जोडीनेच गाडीच्या तोंडावर आपटून मरतात. ते उन्हात एखाददोन दिवस राहिले तर रंग खातात. कपडे वाळवायच्या मशीनमध्ये टाकतात ती सुगंधी चिंधी ओली करून चोळली की निघतात, हा शोध अप्पांनी मराठी मंडळातल्या प्रत्येकाला स्वतंत्र फोन करून कळवला. ज्यांच्याकडे सायकलसुद्धा नाही त्यांनाही.

खरा प्रश्न फोडणीचा. ओट्यावरच्या धुराड्याची वाफ बाहेरच्या भिंतीतून निघते. पहिल्याच सफरीत वहिनींनी आमटी केली आणि पांढऱ्याशुभ्र गेलकोटवर हळदीच्या रंगाचा एक तेलकट ओघळ उतरला. अप्पांनी तो पाहिला मात्र, आमटी गार झाली. तेव्हापासून फोडणी गाडीपासून दहा पावलांवर, घडीच्या टेबलावर, वाऱ्याची दिशा बघून. ८० हजार डॉलरचं स्वयंपाकघर घेऊन मी उघड्यावर मोहरी तडतडवते, असं वहिनी हसत हसत सांगतात. हसण्यातली धार जाणवते, पण अप्पा त्या वेळी खिडकीची कड पुसत असतात.

दसऱ्याला गाडीची पूजा होते. झेंडूचा हार रंग सोडतो, म्हणून तो आरशाला टांगतात, अंगाला टेकू देत नाहीत. स्वस्तिक हवं, पण कुंकू गेलकोटवर कसं उमटवायचं? अप्पा निळी मास्किंग टेप चौकोनी चिकटवतात, तिच्यावर स्वस्तिक काढतात, आरती झाली की टेप सोलून घेतात. चाकाखालचं लिंबू चिरडलं तर रस उडतो, आणि लिंबू आंबट. तेव्हा लिंबू चाकाला दाखवून परत फ्रिजमध्ये. संध्याकाळी त्याचं सरबत.

२०२४ साली बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन कॅलिफोर्नियात सॅन होजेला भरलं. अप्पांनी वर्षभर आधी सांगून ठेवलं होतं की आपण आरव्ही घेऊन जायचं. वहिनींनी यादीवर ग्रँड कॅन्यनपुढे टिंब केलं, वाटेवर पडतो म्हणून. निघायच्या आधी अप्पांनी नेहमीपेक्षा मनापासून मेण लावलं. दोन हात. मग लांब उभं राहून बघितलं. त्या पांढऱ्या भिंतीत समोरचं माडाचं झाड, शेजारची टपालपेटी, सगळं स्वच्छ दिसत होतं. पुढे टेक्सास, टेक्सासात किडे. ॲरिझोना, तिथे धूळ. दोघं विमानाने गेली. ग्रँड कॅन्यन वहिनींनी खिडकीतून बघितला, अप्पा कॉरिडॉरकडच्या सीटवर होते.

त्यानंतर वहिनींनी गाडी विकायचं मनावर घेतलं. अप्पा लगेच हो म्हणाले, याचं सगळ्यांना नवल वाटलं. जाहिरात दिली. गाडी इतकी चकचकीत आणि मैल इतके कमी, की फोनवर फोन. ओहायोचं एक तरुण जोडपं बघायला आलं, दोन मुलं आणि एक भला मोठा कुत्रा घेऊन. किंमत मान्य, कागद तयार. अप्पांनी जाता जाता विचारलं,

"पहिली सफर कुठे?"

"अलास्का!" पोरगं आनंदाने म्हणालं. "पुढे कच्चा रस्ता लागतो म्हणतात, खडीचा. मजा येईल."

अप्पांनी शांतपणे कागदांची घडी घातली, खिशात ठेवली आणि कुत्र्याचा पंजा दारावर टेकला होता तिथे फडकं फिरवलं. मग वहिनींकडे वळून मराठीत म्हणाले, "यांना सांग, गाडी विकून झाली."