गाडीला कुलूप, गल्लीला किल्ली

छत्रपती संभाजीनगरला बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, भडकल, मकई, रंगीन, काळा. त्यांतले काही उभे आहेत, काही पडले, काही फक्त रिक्षावाल्यांच्या तोंडी उरले. एवढ्या दरवाजांच्या शहरात माझी गाडी आत घालून बाहेरून कडी लावावी असा एक दरवाजा काही माझ्या वाट्याला आला नाही. सिडकोतल्या आमच्या घराला गॅरेज आहे, पण त्यात पाण्याच्या टाक्या राहतात. इथे नळ किती दिवसांनी येतो हे ज्याला ठाऊक आहे, तो टाक्यांना बाहेर काढा असं म्हणणार नाही. गाडी गेली तर रिक्षा मिळते, टाकी गेली तर आठवडा जातो, असा ठराव घरात झालेला आहे. तो मंजूर करताना माझं मत विचारलं गेलं नाही.

गाडी आहे स्टँडर्ड हेराल्ड, मार्क थ्री, चार दारांची. वडिलांनी ती एका डॉक्टरांकडून घेतली. मी तिला स्पोर्ट्स कार म्हणतो. असं म्हणणारा घरात मी एकटा. पण माझं म्हणणं वंशावळीवर उभं आहे. मूळ गाडी इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड. तिचं रूप रेखाटलं तुरिनच्या जोवान्नी मिकेलोत्तीनं. १९६१ पासून मद्रासला ती स्टँडर्ड या नावानं बनू लागली. तिकडे इंग्लंडात हेराल्डचीच चॅसी आखूड करून त्याच मिकेलोत्तीच्या आराखड्यावर १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर आली. तिला सारं जग स्पोर्ट्स कार म्हणतं. लग्न जमवताना मुलीचा मामा कलेक्टर कचेरीत आहे यावर आपण अख्खं स्थळ तोलतो, मग गाडीची सख्खी बहीण धरायला काय हरकत आहे? बायको म्हणते, "बहिणीचं राहू द्या. ही सेव्हन हिल्सचा पूल तिसऱ्या गिअरमध्ये चढत नाही." ९४८ सीसीच्या इंजिनाबद्दल बोलताना माणसानं जरा सौजन्य ठेवावं, एवढंच मी म्हणतो.

हेराल्डच्या बाबतीत चोरीची काळजी करावी लागते, कारण ती बनवणाऱ्यांनी अजिबात केलेली नव्हती. तिचं अख्खं नाक, दोन्ही बाजूंच्या मडगार्डांसकट, पुढे उलटतं. मेकॅनिक चाकावर बसून इंजिनाशी गप्पा मारू शकतो. फक्त ते उघडणाऱ्या खिट्ट्या बाहेर आहेत. दोन्ही बाजूंना एकेक, ना कुलूप ना चावी. बॅटरी न्यायची असेल तर दाराला हातही लावावा लागत नाही. मागे एकदा बाजारातून परत येतो तर एक अनोळखी गृहस्थ बॉनेट उलटून आत बघत उभे. मी धावलो. ते म्हणाले, "अहो, आमच्याकडे हीच होती, जालन्याला. यात डायनॅमो आहे का अल्टरनेटर बसवलाय?" पुढचा अर्धा तास मी त्यांना डायनॅमो दाखवत होतो.

शहागंजकडच्या उस्तादांना मी उपाय विचारला. साठी ओलांडलेला माणूस, बोटांवर ग्रीस कायमचं. ते म्हणाले, "रोटर निकाल लो साब. रोटर नक्को तो गाडी नक्को." डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढायचं आणि आतला तो अंगठ्याएवढा रोटर खिशात घालायचा. तो नसेल तर कॉइलमधला करंट प्लगांपर्यंत पोहोचत नाही. चोरानं चावी बनवून आणली, तारा जोडल्या, धक्का मारला, तरी गाडी खोकणारसुद्धा नाही. ही युक्ती उस्तादांची नव्हे. १९४० मध्ये जर्मन फौजा उतरतील या धास्तीनं इंग्लंडात हुकूम निघाला होता की सोडून जाताना प्रत्येकानं आपली गाडी निकामी करून जावी. तेव्हा तिथले सभ्य लोक खिशात रोटर घेऊन हिंडत होते. हिटलरसाठी काढलेला उपाय सिडकोतल्या चोराला पुरेल असं मला वाटलं.

आता रोटर ठेवायचा कुठे? शर्टाच्या खिशातून तो धुण्याला जातो. टेबलावर ठेवला तर भाच्याची मुलं त्याचा भोवरा करतात. घरात ज्या जागेला परका हात लागत नाही अशी एकच, देव्हारा. मी तो गणपतीच्या मागे ठेवू लागलो. काही दिवसांनी गाडी अडखळू लागली. उस्तादांनी झाकण काढलं, रोटर उजेडात धरला आणि माझ्याकडे असं पाहिलं की चाळीस वर्षांच्या धंद्यात हे पहिल्यांदाच. "साब, रोटर पे हल्दी किन्ने लगाया?" आईनं लावली होती. देवामागे ठेवलेली वस्तू म्हणजे देवाचीच, या न्यायानं रोज हळद, कुंकू आणि वर तेलाचा एक थेंब. आईला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "अरे, पण गाडी चोरीला गेली का? नाही ना?" यावर उत्तर नाही.

मग मी चोरबटण बसवून घेतलं. डॅशबोर्डच्या खाली, पायाच्या बाजूला, कुणाच्या ध्यानातही येणार नाही असं एक बटण. ते दाबल्याशिवाय कॉइलला करंट नाही. झकास व्यवस्था. पण हेराल्ड थंडीत सकाळी धक्क्याशिवाय निघत नाही. धक्का मारायला गल्लीतली माणसं लागतात आणि कुणालातरी आत बसून क्लच सोडावा लागतो. आत बसणारा दर वेळी वेगळा असतो. महिनाभरात दूधवाल्यापासून समोरच्या बँकेतल्या साहेबांपर्यंत सगळे, गाडी हलली नाही की एका सुरात ओरडू लागले, "काका, खालचं बटण दाबलं का?"

याच सुमारास पाहुण्यांना घेऊन दौलताबादला जाणं झालं. पूर्वी मी हा किल्ला इतिहासासाठी पाहायचो, या वेळी ग्राहक म्हणून पाहिला. आठशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी गाडी सोडून बाकी सगळ्याच्या चोरीचा विचार करून ठेवला आहे. दारांवर हत्तीनं डोकं लावू नये म्हणून खिळे. दारं वाकड्या वाटेवर, म्हणजे हत्तीला धाव घ्यायला जागा नाही. मग कातळात खोदलेला खंदक, त्यावर काढता येणारा पूल. त्यातूनही कुणी आत आलाच तर अंधारी, वळणावळणाचा काळोखा बोगदा. वरच्या तोंडाला लोखंडी झाकण, त्यावर निखारे पेटवायचे आणि धूर खाली सोडायचा. गाइड हे सांगत असताना पाहुण्यांच्या अंगावर काटा येत होता, मी मात्र मनात हिशेब करत होतो की यातलं काय काय आमच्या गल्लीत बसेल. खंदक तर ड्रेनेजवाल्यांनी केलेलाच आहे.

पण तो किल्ला गेला कसा? तेराव्या शतकाच्या अखेरीस अलाउद्दीन खिलजीनं वेढा दिला तेव्हा रामदेवरायांच्या माणसांनी घाईघाईनं गोण्या आत ओढल्या. धान्य समजून आणलेल्या त्या गोण्यांत मीठ निघालं असं सांगतात. खिळे, खंदक, अंधारी सगळं जागच्या जागी, आणि आत जेवायला मीठ. मला लगेच आमचं चोरबटण आठवलं.

सुरक्षेचा भरवसा किती धरावा याची एक गोष्ट अमेरिकेतलीही आहे. १९६४ च्या गोल्डफिंगर चित्रपटात जेम्स बाँडची एक ॲस्टन मार्टिन डीबी५ आहे. पडद्यावर तिच्या दिव्यांमागून मशिनगन येतात, मागून तेल सांडतं, नको असलेला माणूस आसनासकट छतातून उडतो. ती गाडी १९९७ मध्ये फ्लॉरिडातल्या बोका रॅटन विमानतळाच्या हँगरमधून रातोरात चोरीला गेली. मशिनगनवाल्या गाडीचं हे, तर आमच्या हळदवाल्या रोटरची काय कथा! हे मी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "ती न्यावीशी वाटली म्हणून नेली."

तिच्या बोलण्यात शहराचा अनुभव होता. २०१० च्या ऑक्टोबरात या गावच्या मंडळींनी एका झटक्यात दीडशे मर्सिडीज खरेदी केल्या होत्या. पासष्ट कोटींचा सौदा, देशभर बातमी. चोराला डोळे असतील तर तो हेराल्डकडे कशाला पाहील? पण नव्या गाड्यांच्या मालकांची काळजी आमच्याहून दाट आहे. चावी खिशात असली की दार आपोआप उघडतं, आणि चोर दोन यंत्रं घेऊन येतात. एक घराच्या भिंतीशी, एक गाडीपाशी. घरातल्या चावीचा संदेश पकडून गाडीपर्यंत पोहोचवतात आणि गाडी बिचारी मालकच आला समजून सुरू होते. उपाय म्हणून चावी धातूच्या डब्यात ठेवायची. माझ्या एका मित्राची चावी स्वयंपाकघरात बेसनाच्या लाडवांच्या स्टीलच्या डब्यात असते. दिवाळीत तिची पंचाईत होते.

कायद्याचा आधार घ्यावा म्हणून तोही पाहिला. २०२१ पासून केंद्राचे नियम आहेत. पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज ठरते. तिला व्हीए अक्षरांची नंबरप्लेट मिळते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. अट एवढीच की ती रस्त्यावर रोज वापरायची नाही. आमची गाडी हा नियम तो होण्याच्या आधीपासून पाळते आहे. विम्याचं मात्र अवघड. जुन्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. आमच्या आपसात जी किंमत ठरली तीत चार टायर आले असते, पाचवा नाही. शिवाय गाडी चोरीला गेली तर दोन्ही चाव्या जमा करायच्या. मी एजंटला विचारलं, "हिचं कुलूप आमच्या गोदरेजच्या कपाटाच्या चावीनंही फिरतं. मग ती चावीपण द्यायची का?" त्यानं फाइल मिटली.

इतक्या खटपटीनंतर गाडी सुरक्षित कशामुळे आहे हे मला कळलं ते भाच्यामुळे. तो पुण्याहून आला होता. मी दुपारी झोपलेलो. त्यानं आजीकडून देवामागचा रोटर घेतला. बटण कुठे आहे ते दूधवाल्यानं सांगितलं, धक्का बँकेतल्या साहेबांनी मारला आणि स्वारी जालना रोडला लागली. मला जाग आली ती फोननं. सेव्हन हिल्सपाशी कुणीतरी गाडी पाहिली होती. "सर, हेराल्ड विकली का?" नाही म्हणेपर्यंत दुसरा फोन, आकाशवाणीवरून. "दुसराच कुणी चालवतोय, म्हटलं बघावं." त्यानं भाच्याला सिग्नलवर गाठून कितवं मॉडेल, ॲव्हरेज किती, पार्ट कुठून आणता हे विचारून घेतलं होतं आणि उत्तरं चुकली म्हणून मला कळवलं होतं. मोंढा नाक्याला एक रिक्षावाला भाच्याच्या बरोबरीनं चालत म्हणाला, "क्या भाई, मामू की गाडी कां लेके जारे?" क्रांती चौकात ट्रॅफिक पोलिसानं हात दाखवून थांबवलं. भाचा घाबरला. पोलिसाला फक्त बॉनेट उलटून बघायचं होतं.

चोराचं इथे निभावणार नाही. या गावात जुनी गाडी घेऊन जायचं म्हणजे चौकाचौकात तोंडी परीक्षा, आणि ९४८ सीसीत ती टाळून पळता येत नाही.

भाचा संध्याकाळी परतला तेव्हा घामाघूम होता. रात्री उशिरा शेवटचा फोन आला तो उस्तादांचा. आवाज दुखावलेला. "साब, गाडी बेची तो बेची. लेकिन हमकू पूछे बगैर?" मी शपथेवर सांगितलं की विकलेली नाही, दारात उभी आहे. त्यांनी ऐकून घेतलं, थोडं थांबले आणि म्हणाले, "अच्छा. फिर भी, कित्ते में दिये?"