फ्लॉवर बेडमधली लोकर

मुंबई आणि आसपासच्या जुन्या इमारतींच्या नकाशात बेडरूमच्या खिडकीबाहेर एक चिंचोळी पट्टी असायची. तिचं नाव फ्लॉवर बेड. ती चटईक्षेत्रात धरली जात नसे, म्हणून बिल्डर सढळ हाताने काढत आणि घर घेणारे ताबा मिळाल्या महिन्यात मधली भिंत पाडून ती खोलीत घेत. मुंबईत २०१२ च्या नियमबदलानंतर फ्लॉवर बेडही चटईक्षेत्रात मोजायला लागले. तोवर त्यात फुलं सोडून सगळं फुललं होतं: कपाटं, वॉशिंग मशीन, मुलांची अभ्यासाची टेबलं.

मीरा रोडच्या एका घरातला फ्लॉवर बेड २००२ साली खोलीत आला, म्हणजे मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली त्याच वर्षी. त्यात लोकर राहायला गेली, ती गेलीच.

यंदा दिवाळीच्या सफाईत निवृत्त गृहस्थ तिथवर पोचले.

"हे काय आहे?" बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा उघडून त्यांनी विचारलं.

"लोकर."

"आणि हे कुकरचं खोकं?"

"त्यात जाड लोकर."

"मग कुकर कुठंय?"

"स्वयंपाकघरात. कुकर कधी खोक्यात ठेवतात का?" गृहिणी म्हणाली.

खोक्यातून डांबराच्या गोळ्यांचा असा भपकारा आला की गृहस्थ दोन पावलं मागे सरले. चष्मा लावून त्यांनी एका गुंड्याचं लेबल वाचलं. तीन वर्षांच्या निवृत्तीत लेबल वाचणं हा त्यांचा मुख्य व्यवसाय झाला आहे.

"अगं, हे शंभर टक्के ॲक्रेलिक आहे! कसरीची अळी खाते ती खरी लोकर, मेंढीच्या अंगावरची. त्यातलं केराटिन पचतं तिला. हे पेट्रोलियमपासून केलेलं सूत. कसरीला काय पेट्रोलपंपावर जेवायला बोलावलंयस?"

"वीस वर्षांत एक तरी कसर लागली का?"

"लागणारच नव्हती!"

"मग गोळ्यांचा उपयोग झाला ना."

इथे गृहस्थांनी तर्क सोडून हवामानाकडे मोर्चा वळवला. सांताक्रूझच्या वेधशाळेत ७.४ अंशांपर्यंत पारा उतरला होता तो २२ जानेवारी १९६२ ला. त्यानंतर इतकी थंडी काही पडली नाही. मग स्वेटर घालायचे कोणी आणि कधी?

"आणि पुन्हा पडली तर?" गृहिणी म्हणाली. "तेव्हा दुकानात रांगा लागतील. आपल्याकडे असेल."

मूळ मुद्दा पुढेच होता. गृहस्थांना फ्लॉवर बेड परत हवा होता, नावाप्रमाणे वापरायला. सध्या त्यांची शेती खिडकीच्या ग्रिलमध्ये चालते: एक कढीपत्ता, एक ओवा, दोन मिरच्या, आणि वर्षातून दोनदा अंडी घालायला येणारं कबुतरांचं एक जोडपं, ज्याच्यामुळे मिरचीला महिना-महिना पाणी घालता येत नाही. त्यांनी दाखला दिला तो मुंबई पोर्ट ट्रस्टचा. तिथल्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातला ओला कचरा, पालापाचोळा, उसाचा चोथा असं वापरून भाजीपाला आणि फळझाडं वाढवली. माती नावापुरती, त्यामुळे वजनही कमी.

"त्यांच्याकडे गच्ची होती," गृहिणी म्हणाली. "तुमच्याकडे खिडकी आहे, आणि सेक्रेटरी."

सेक्रेटरी म्हणजे खालच्या मजल्यावरून वर बघत चालणारा माणूस. कुंडीखालची ताटली त्याला दिसली की तो डेंग्यूवर बोलतो. त्याचं म्हणणं खोटं नाही: एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्यातून डास उडतो, म्हणून आठवड्यातून एकदा ताटल्या कोरड्या करायच्या असतात. फक्त हे तो रात्री साडेदहाला बेल वाजवून सांगतो.

"आणि बोलताय तर," गृहिणीने ड्रॉवर ओढला, "ही पालकाच्या बियांची पाकिटं. ही भेंडीची. हा दुधी. सात पाकिटं, सगळ्यांची मुदत संपलेली. बाथरूममधल्या खताच्या बादलीविषयी तर मी बोलतच नाही."

"तू तुझा हिशेब दे. मोरपंखी स्वेटर?"

शांतता पसरली. तो स्वेटर पुण्याच्या नातवासाठी विणायला घेतला होता, नातू दुसरीत असताना. पाठ झाली, पुढचा भाग झाला, एक बाही झाली.

"वाढत्या अंगाचा घेतलाय मी तो."

"अंग वाढून गेलं. सहावीत आहे तो."

"मग धाकटीला होईल. एक बाही आणि गळपट्टीच तर राहिलीय."

"दीड वर्ष घरी आहेस. एक बाही होत नाही?"

गृहिणी जरा वेळ सुया चाळत बसली. मग म्हणाली, "घरी नाही होत हो. मी कधी घरी विणलंय?"

हे खरं होतं. एकतीस वर्षं ती चर्चगेटला नोकरीला जात होती. मीरा रोडला चढून बसायला मिळत नाही म्हणून आधी उलट्या गाडीने भाईंदरला जायचं आणि तिथून खिडकी धरून यायचं. बॉर्डर बोरिवलीच्या आत, सुलट-उलटची लय अंधेरीपर्यंत, दादरला कोपर मारणाऱ्या बायका चढल्या की सुया पिशवीत. बाळंतविडे, टोपरी, मोजे, साहेबांच्या मुलीची कुंची, सगळं पश्चिम रेल्वेवर झालं. निवृत्तीच्या दिवशी पास संपला आणि बाही खांद्यापाशी थांबली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने चर्चगेटचं रिटर्न तिकीट काढलं. सोबत मोरपंखीच्या उरलेल्या दोनपैकी एक गुंडा. चार दुपारी गेली, चार दुपारी आली. चौथ्या दिवशी परतताना वांद्र्याला टाके बंद केले. समोरच्या बाईने बाहीला हात लावून पाहिला, आणि गृहिणी घरी आली ती नोकरीत असल्यासारखी दमून आणि खूश होऊन.

गृहस्थ दारातच उभे होते, तेही खूश.

"पुण्याला आठ दिवस जायचंय ना, पाण्याची सोय केली! झाकणाला भोक पाडून बाटलीतून कुंडीत वात सोडायची. सुती वात कुजते, ॲक्रेलिकची कुजत नाही. आफ्रिकन व्हायोलेट वाढवणारे अशाच वाती लावतात. झाकण घट्ट, डासाला जागा नाही. सेक्रेटरीसुद्धा बघून गेला."

ग्रिलमध्ये चार बाटल्या मांडल्या होत्या. प्रत्येकीतून एक ओली मोरपंखी दोरी मातीत उतरली होती.

गृहिणीने दोरी दोन बोटांत धरून पाहिली. चार पदरी पीळ होता, गळपट्टीचा.

"लेबल कुठंय?" तिने विचारलं. "लॉट नंबर होता त्यावर. दुसऱ्या लॉटचा रंग जुळत नाही."

गृहस्थांनी मिरचीच्या कुंडीकडे बोट दाखवलं. लेबल आइस्क्रीमच्या काडीला चिकटवून मातीत खोचलं होतं, आणि त्याच्या पाठीवर निळ्या शाईने लिहिलं होतं: मिरची, लवंगी.