सुरगाठ बसत नाही, निरगाठ सुटत नाही

अमरावतीच्या इतवाऱ्यात सुतळी मागितली की दुकानदार आधी रंग विचारतो. निळी देऊ, हिरवी देऊ, की पिवळी? सुतळीला रंग विचारायची वेळ यावी, इथूनच माझी तक्रार सुरू होते. सुतळी तागाची असते, पिवळसर तपकिरी असते, तिला गोणपाटाचा वास असतो आणि तिची बारीक कुसं हाताला लागतात. तिचा रंग कुणी सांगत नसे. आता समोर येतं ते प्लास्टिकच्या चपट्या फितीला पीळ देऊन केलेलं चकचकीत बंडल. ते नको म्हटलं तर, "काकाजी, आता हेच चालते. ते जुनी सुतळी कोनी मांगत नाई," असं सांगून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. अकोल्याला टिळक रोडवर विचारलं तरी उत्तर तेच. मी मागतोय, हे त्या हिशेबात धरलं जात नाही.

या प्लास्टिकच्या सुतळीची गाठ बसत नाही. ती पॉलिप्रोपिलीनची असते, अंगानं गुळगुळीत, त्यामुळे धाग्याला धागा धरत नाही. तागाच्या सुतळीवरचे सुटे तंतू एकमेकांत अडकतात आणि पहिल्याच गाठीला ती बसते. आपल्याकडे गाठी दोन प्रकारच्या: टोक ओढताच उलगडणारी सुरगाठ आणि घट्ट बसणारी निरगाठ. प्लास्टिकच्या सुतळीची सुरगाठ आपोआप सुटते आणि निरगाठ कधीच सुटत नाही. मग माणूस एकावर एक अशा चार-पाच गाठी मारतो, त्यांचा बोराएवढा गोळा होतो आणि सोडताना नखं दुखवून शेवटी कात्री आणावी लागते. कापलं की टोक विसकटून त्याचा झुबका होतो. तो झुबका काडी ओढून जाळायचा, त्याचा वास घरभर. दर वेळी उरलेला वीतभर तुकडा कुठं टाकायचा हा प्रश्न वेगळाच. ओल्या कचऱ्यात तो चालत नाही आणि सुक्यात टाकला तर वाऱ्यानं उडून अंगणात परत येतो.

अंगणात दोडक्याचा, कारल्याचा मांडव ज्यांनी घातला आहे त्यांना तागाची सुतळी का हवी ते वेगळं सांगायला नको. मृगात बी टोबलं की काही दिवसांत वेल सुतळीला तणावे घालतो. खरबरीत दोरीवर तो नेटानं चढतो, गुळगुळीत दोरीवर वाऱ्याबरोबर खाली घसरतो. पावसाळाभर भिजून तागाची सुतळी हंगाम संपेस्तोवर कुजत आलेली असते, आणि तेच तर हवं असतं. वाळलेला वेल सुतळीसकट ओढून उकिरड्यावर टाकला की काम संपलं. प्लास्टिकची सुतळी मात्र वेलातून सोडवत बसावी लागते. ती मांडवावर तशीच राहिली तर वऱ्हाडातल्या मे महिन्याच्या उन्हात ठिसूळ होऊन हात लावताच तिचा निळा भुगा पडतो. तो वाफ्यातच राहतो, आणि पुढच्या वर्षी मेथी निवडताना घरातल्या बाईच्या ताटात येतो.

झाडांचं दुखणं याहून मोठं. रोप लावताना आधाराची काठी रोवून त्याला दोरी बांधतात आणि विसरतात. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जातं. खोड जाड होत गेलं की दोरी नेमकी त्याच थरावर आवळते. दोरीच्या वर खोड फुगतं आणि खाली मुळं उपाशी राहतात. वरून झाड बरेच दिवस हिरवं दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांत संत्र्याची कलमं बांधणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. डोळा भरल्यावर गुंडाळलेली प्लास्टिकची पट्टी तो धरला की न विसरता सोडावी लागते. वरुड-मोर्शीकडे बहार लागून फांद्या वाकल्या की बांबूचे टेकू देऊन बांधतात, तिथंही मालकाची नजर असते. घरच्या बागेत एवढी नजर कुणाची नसते. तागाची सुतळी आपण विसरलो तरी वर्षभरात स्वतःच तुटते आणि झाड वाचतं. माणूस विसरणार हे धरून चालणारी वस्तू होती ती. तिच्या जागी झाडाला आवळून बसणारी वस्तू आणली आणि तिला टिकाऊ म्हणून वाखाणलं.

रस्त्यावरच्या कडुनिंबांचीही हीच गत. वाढदिवसाचा फ्लेक्स उतरवणारा माणूस फ्लेक्स नेतो, दोरी झाडावर ठेवतो. पुढचा येतो, तो नवी दोरी बांधतो. जरा थांबून पाहिलं तर सालीत रुतलेली, वरून साल मिटत आलेली दोरी सहज दिसते. चार पायऱ्यांच्या शिडीवर चढलेल्या माणसाला ती कापून खिशात घालायला किती वेळ लागतो?

मला सगळ्यात जास्त बोचतं ते कापसाचं. अमरावती-अकोल्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संसार पांढऱ्या सोन्यावर चालला, आणि त्याच सोन्यात आज ही सुतळी शिरली आहे. वेचलेला कापूस भरायला घरात असतात ती खताची रिकामी पोती, प्लास्टिकच्या पट्ट्या विणून केलेली, काठाला दशा सुटलेली. तोंड बांधायला पुन्हा प्लास्टिकचीच सुतळी. जिनिंगच्या आवारात पोतं रिकामं करताना विळ्यानं सुतळी कापतात आणि तुकडा ढिगात पडतो. यंत्रात तो पिंजला जाऊन केसाएवढे धागे होतात, ते रुईत मिसळतात आणि १७० किलोच्या गाठीत दाबले जातात. तिथून पुढं त्यांना शोधणं कुणाच्या हातात राहत नाही. सूतगिरणीत माणसं बसवून, कॅमेरे लावून निवडतात, तरी काही सुटतातच. त्यांचं सूत होतं, कापड होतं, आणि कापड रंगवलं की कळतं. कापूस रंग पितो, पॉलिप्रोपिलीन पीत नाही. गडद निळ्या थानात मध्येच एक पांढरी रेघ राहते आणि ते थान उतरल्या भावानं जातं.

हे कुणाला माहीत नाही असं नाही. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २००० मध्ये कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केलं. त्यात बाजारांची आवारं आणि जिनिंग-प्रेसिंग कारखाने सुधारण्याचे दोन स्वतंत्र भाग होते, कारण कचरा तिथंच मिसळतो. आयटीएमएफ ही आंतरराष्ट्रीय संस्था जगभरच्या गिरण्यांना विचारून कापसातल्या कचऱ्याची पाहणी करते. तिच्या यादीत भारतातल्या कित्येक कापसांची नावं वर्षानुवर्षं सर्वांत दूषित कापसांच्या रांगेत आली आहेत. ७ ऑक्टोबर २०२० ला, जागतिक कापूस दिनी, 'कस्तुरी कॉटन' हे नाव जाहीर झालं ते भारतीय कापसाची पत वाढावी म्हणून. नाव सुंदर आहे. पण उन्हात वाकून बोंड न् बोंड वेचणाऱ्या बाईची मेहनत, शेतकऱ्याचं कर्ज, सरकारचं अभियान हे सगळं एका वीतभर सुतळीपाशी येऊन अडतं, आणि त्या सुतळीबद्दल बोलायला बांधावर कुणी येत नाही. इथं तागाची सुतळीही चालणार नाही, हेही सांगतो. तागाचे तंतूसुद्धा कापसात कचराच. कापसाला सुती कापडाची झोळी आणि सुती दोरीच हवी. ज्या मुलखात कापूस पिकतो त्याच मुलखात गावच्या दुकानात सुती दोरी मागितली तर फार तर पायजम्याची नाडी मिळते.

पूर्वी इथली सुतळी इथंच पिकायची. कपाशी-तुरीच्या वावरात धुऱ्याच्या कडेनं अंबाडीचे तास असायचे. कोवळ्या पानांची भाजी ज्वारीच्या कण्या घालून व्हायची, वरून लसणाची फोडणी. झाडं फुलावर आली की कापून, पेंढ्या बांधून नाल्याच्या डोहात दगडाखाली दाबायच्या. दोन-तीन आठवड्यांत पाण्याला उग्र वास सुटायचा आणि साल सैल व्हायची. ती सोलायची, आपटून धुवायची, वाळवायची. तो वाख ढेऱ्यावर कातला की सुतळी, पेड घालून वळला की दोर. उरलेल्या पांढऱ्या सनकाड्या चूल पेटवायला. गावगाड्यात दोर वळण्याचं काम मातंग समाजाकडे होतं. मोबदला सुगीच्या धान्यात आणि मान काहीच नाही. ती व्यवस्था परत यावी असं कुणीही म्हणू नये, मीही म्हणत नाही. पण त्या बोटांतलं कसब कुणी शिकून घेतलं नाही, त्याला बाजारभाव दिला नाही, आणि सोयाबीनच्या लाटेत अंबाडीचे तास गेले, तेव्हा ते कसबही गेलं. आता हिवाळ्यात नाल्याला पाणी नसतं, गोठ्यात बैल नसतो.

जिथं बैल आहे तिथं पोळ्याच्या बाजारात नायलॉनचा कासरा, नायलॉनची म्होरकी, नायलॉनची वेसण, सगळं रंगीबेरंगी. बैलानं हिसका दिला की नायलॉनचा कासरा तळहातातून सरकताना कातडी सोलून नेतो. वर्षातून एका दिवशी आपण खांदेमळणीत ज्याच्या खांद्याला तूप-हळद लावतो, त्याच्या नाकात उरलेलं वर्षभर काचणारी दोरी घालतो, हे मला पटत नाही.

घरातल्या बारीकसारीक गोष्टी किती सांगाव्यात. दसऱ्याच्या झेंडूचं तोरण प्लास्टिकच्या दोऱ्यात ओवलेलं असतं. ते उतरल्यावर खतात टाकायचं तर एकेक फूल ओढून काढावं लागतं, देवाच्या हारांचंही तेच. तांदळाच्या पोत्याची शिवण एका टोकानं ओढली तर भराभर उसवते आणि दुसऱ्या टोकानं ओढली तर आवळते. बरोबर टोक शोधण्याइतका धीर कुणाला नसतो, लोक पातं घालून पोतंच फाडतात, आणि ते पुन्हा वापरता येत नाही. घरात चांगली तागाची सुतळी येते ती बहुधा दिवाळीत, सुतळी बॉम्बवर गुंडाळून, आणि त्याच संध्याकाळी तिच्या चिंध्या होतात.

सुतळी जगातून संपलेली नाही. १९८७ च्या केंद्रीय कायद्यानं धान्य आणि साखरेसाठी तागाची पोती सक्तीची केली. आज धान्याला ही सक्ती पूर्ण आहे, साखरेला २० टक्के. २०१७ मध्ये तुरीची सरकारी खरेदी ठिकठिकाणी थांबली ती बारदाना नाही म्हणून, म्हणजे तागावाचून इथला बाजार आजही अडतो. बारदान्याच्या दुकानात दाभण आहे, सुतळी आहे, पण ती ठोकात. घरच्या मांडवापुरती मागितली तर, "एवढीशी नाई भेटत, भाऊ."

एवढीशीच पाहिजे. किराण्याच्या दुकानात प्लास्टिकच्या बंडलांशेजारी तागाचा एक लहान गुंडा ठेवावा, लागेल तेवढी मापून द्यावी. त्याचे जास्त पैसे पडले तरी घेणारे आहेत. कृषी सेवा केंद्रात कपाशीचं बियाणं विकतात, तिथंच वेचणीच्या आधी सुती दोरी आणि कापडी झोळ्या विकायला ठेवाव्यात. जिनिंगवाल्यानं पोतं कापताना सुतळीचा तुकडा टाकायला दाराशी एक टोपली ठेवावी, आणि तो टोपलीत पडतो की नाही हे पाहायला एक माणूस. दोडका मृगात लावायचा असतो. तागाच्या गुंड्याचं तरी त्याआधी जमलं तर बरं.