गंजकर

खरं आडनाव फक्त पगारपत्रकात होतं. लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत, आमच्या केमिकल कंपनीच्या कुंपणाच्या आत, त्यांना सगळे गंजकरच म्हणत. गेटवरच्या रजिस्टरातही वॉचमनने ‘गंजकर, आत ७.५०’ असं लिहिलेलं मी पाहिलंय. त्यांना त्याचा राग नव्हता. “मागे ‘कर’ लागलंय ना? मग कोकणातलं एखादं गाव समजायचं,” म्हणायचे.

असा एकेक नग प्रत्येक रासायनिक कारखान्यात असतो. खिशात खडू, विजेरी, लोहचुंबक आणि जाडी मोजायचं यंत्र. नजर सदैव वरच्या पाइपरॅकवर, त्यामुळे नडग्या बारमाही सोललेल्या. माठ घेताना आपण टिचकी मारतो, तशी ते दिसेल त्या लोखंडाला मारायचे आणि कान द्यायचे. भाचीच्या लग्नात पंगतीच्या टेबलाला खालून टिचकी मारली आणि ताट उचलून शेजारच्या टेबलावर जाऊन बसले. वरणभात वाढेपर्यंत पहिलं टेबल बसलं.

एकदा कुणाच्या तरी निरोप समारंभात मोठे साहेब म्हणाले, “गंजण्यापेक्षा झिजलेलं बरं.” टाळ्या पडल्या. गंजकर उभे राहिले. “साहेब, असं सांगू नका पोरांना. बेंड आधी गंजतो. तो गंज आतून धावणारा माल खरवडून नेतो. खालचं कोरं लोखंड परत गंजतं. दोघांचा एकत्र संसार असतो तो!” ज्याचा निरोप होता तो बिचारा नारळ धरून उभाच.

स्टेनलेस स्टील म्हणजे त्यांच्या लेखी बीपीचा पेशंट. पथ्य एकच, मीठ. पाण्यातून क्लोराईड आलं, नळी साठेक अंशांच्या वर तापलेली असली आणि धातूत ताण असला की केसाएवढ्या भेगा पडतात. जाडी मोजून काही कळत नाही. त्यामुळे नव्या टाकीची पाण्याने चाचणी घ्यायची म्हटलं की हे आधी बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट मागणार. हे पथ्य घरातही पोचलं होतं. काकूंनी स्टीलच्या गंजात थंड पाण्यावर मीठ टाकलं की हे ओरडत, “उकळी आल्यावर टाक! तळाशी खडा बसला की टिपके पडतात. गंजाला गंज लागेल!” काकूंनी शेवटी ॲल्युमिनियमचं पातेलं आणलं. त्यात त्या मुद्दाम आमसुलाचं सार करत.

गंधकाम्लाची त्यांची गोष्ट मात्र मला आजही पटते. ९८ टक्क्यांचं जळजळीत ॲसिड साध्या लोखंडी टाकीत वर्षानुवर्षं राहतं, कारण ते लोखंडावर स्वतःच एक क्षाराचा थर धरतं आणि तोच थर टाकी सांभाळतो. पाणी मिसळलं की तेच ॲसिड टाकी खायला उठतं. एका ठेकेदाराच्या माणसाने रिकामी टाकी ‘स्वच्छ दिसावी’ म्हणून होजपाइपने हलकीशी धुतली, आणि तळाशी उरलेलं ॲसिड पातळ झालं. गंजकर त्या दिवशी जेवले नाहीत. “कडक सासू परवडली,” एवढंच म्हणाले, “पाणी घातलेली नको.”

पावसाळ्यात ठेकेदाराशी त्यांचं वेगळंच युद्ध. हवेत ८५ टक्क्यांवर दमटपणा असेल तर रंग लावायचा नाही, हा नियम. लोट्याला जून ते सप्टेंबर हा नियम पाळायचा म्हणजे ब्रश देव्हाऱ्यात ठेवायचा. दमटपणा मोजायचं यंत्र गोफणीसारखं गरगर फिरवत गंजकर टाकीच्या माथ्यावर उभे, आणि खाली छत्री धरलेला ठेकेदार. “साहेब, आत्ताच तर उघडीप झाली!”

पण त्यांचा खरा वैरी लॅगिंग. गरम नळीला रॉकवूल, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, बाहेरून नवरदेव. सांध्यातून पाणी शिरलं की लोकर ओल्या टॉवेलसारखी नळीला चिकटून बसते. गंजकर दोन वर्षं एका लाइनकडे बोट दाखवत होते आणि प्रॉडक्शनवाले म्हणत होते, “चालू आहे ना? मग?” शेवटी शटडाऊनमध्ये त्यांनी पत्र्यावर खडूने गोल काढला. फिटरने पत्रा काढला, काळी लोकर ओढली, आणि खाली नळी चिरोट्यासारखी पदर सुटून आलेली. सहा इंची नळी, मूळ जाडी ७.१ मिलिमीटर. यंत्र म्हणालं २.३. गंजकरांच्या तोंडावर नातू झाल्याचा आनंद! चार पापुद्रे पिशवीत घालून त्यांनी प्रसादासारखे मॅनेजरच्या टेबलावर ठेवले.

मग त्यांच्या सांगण्यावरून आणखी चौदा ठिकाणी पत्रे उघडले. चौदाही ठिकाणी नळी ठणठणीत. मॅनेजर खर्चावरून बोलले ते बोललेच, पण गंजकर स्वतःच सुतकात असल्यासारखे. कँटीनमध्ये मला हम्फ्री डेव्हीची गोष्ट सांगितली. १८२४ साली डेव्हीने ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांना जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तुकडे झिजले, तांबं वाचलं. पण विरघळणारं तांबंच आजवर शिंपल्या-शेवाळाला मारत होतं. ते थांबल्यावर जहाजांच्या बुडाला जंगल वाढलं आणि जहाजं रेंगाळायला लागली. “काम फत्ते झालं,” गंजकर ताक पीत म्हणाले, “म्हणून शिव्या.”

रिटायर झाल्यावर त्यांच्या चिपळूणच्या घरी गेलो. फाटक सुंभाने बांधलेलं. म्हटलं, “अखेर खाल्लंन ना गंजाने?”

“हात लावून बघा!” ते आतून रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन आले. दर मे महिन्यात एक हात. सहाशे दहा मायक्रॉन. गंजाचा टिपूस नाही.

“मग सुंभ?”

“रंग जाड झालाय. कडी बसत नाही.”

तेवढ्यात शेजारची गाय सुंभ बाजूला सारून आत आली आणि जास्वंदीकडे निघाली. काकू काठी घेऊन धावल्या. गंजकर फाटकाच्या बिजागरीला टिचकी मारून कान देत होते.