साडेतीन तारे

आठवड्याला किमान एक चित्रपट पाहून त्यावर मत देणारा सिनेरसिक नवी मुंबईत वाशीपासून पनवेलपर्यंत सर्वत्र आढळतो. सिडको 1970 साली स्थापन झाली आणि तिने शहराची सेक्टरवार आखणी करताना शाळा, बाजार, उद्याने यांना जागा ठेवल्या. मत देण्यासाठी मात्र भूखंड राखून ठेवला नाही. ती उणीव रसिकाने स्वतः भरून काढली. सोसायटीचे गेट, लिफ्टमधला तळमजला ते सातवा मजला हा प्रवास, चहाची टपरी आणि सोमवारची सकाळची लोकल ही त्याची मान्यताप्राप्त केंद्रे होत.

रसिकाचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला तो 3 मे 1913 रोजी, आणि तो वार शनिवार होता. म्हणजे भारतीय सिनेमा पहिल्याच खेपेला एक दिवस उशिरा लागला, असे रसिकाच्या हिशेबाने म्हणावे लागते. बुधवारी ट्रेलर, गुरुवारी आगाऊ मत, शुक्रवारी किंवा शनिवारी चित्रपट असा क्रम असतो. यांपैकी गुरुवार महत्त्वाचा. चित्रपट पाहिल्याने गुरुवारच्या मतात फारसा फरक पडल्याचे दिसत नाही.

जुन्या रहिवाशांना वाशीचे ‘मेघराज’ आठवते. तिथे सिनेमा वाईट निघाला तर प्रेक्षक शिट्टी मारून तसे कळवत आणि विषय तिथेच संपे. मल्टिप्लेक्समध्ये शिट्टी शोभत नाही, त्यामुळे मत पोटात राहते आणि घरी येते. सीवूड्सला तर मॉल स्टेशनच्या डोक्यावरच आहे. लोकलमधून उतरलेला माणूस ऊन-पावसाचे तोंड न पाहता थेट खुर्चीत बसतो आणि तितक्याच सुरळीतपणे मतासह परत फिरतो.

या मताचा कच्चा माल चित्रपट असतो, हा गैरसमज आहे. कच्चा माल खर्च असतो. शंभर रुपयांवरच्या तिकिटावर 18 टक्के जीएसटी, ऑनलाइन आरक्षणाची कन्व्हिनियन्स फी, पार्किंग आणि तिकिटाशी स्पर्धा करणारे पॉपकॉर्न ही बेरीज मध्यंतरापर्यंत मनात पूर्ण होते, आणि उत्तरार्धात दिग्दर्शकाने काय केले यापेक्षा त्या बेरजेचे काय झाले हे निर्णायक ठरते. चौघांच्या कुटुंबाने रविवारी संध्याकाळी पाहिलेला चित्रपट ‘बोअर’ असतो. तोच चित्रपट कंपनीच्या पासवर पाहिला तर ‘एकदा बघायला हरकत नाही’. राष्ट्रीय चित्रपट दिनानिमित्त 23 सप्टेंबर 2022 रोजी देशभर 75 रुपयांत तिकीट मिळाले होते. त्या दिवशी नवी मुंबईत एकही वाईट चित्रपट लागला नसावा.

बाहेरचे खाद्यपदार्थ अडवण्याचा अधिकार चित्रपटगृहाला आहे, पण पिण्याचे पाणी मोफत दिले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितले. या निकालाचा उत्तरार्ध रसिकाला तोंडपाठ असतो. पाणी नेमके कुठे ठेवले आहे हे काउंटरवर विचारायची वेळ आली की तो बायकोला पुढे करतो.

आता मूल्यमापनाकडे. चित्रपटाला तारे देण्याची प्रथा न्यू यॉर्कच्या ‘डेली न्यूज’ या दैनिकाने 1928 च्या जुलैअखेरीस सुरू केली, आणि सर्वोत्तम चित्रपटाला तिथे तीन तारे होते. पुढे तारे पाच झाले, पण मराठी रसिकाने आपला आकडा परंपरेतून घेतला. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठे साडेतीन, पेशवाईतले शहाणेही साडेतीन. चित्रपटाला वेगळा न्याय कशासाठी? या आकड्याचा मोठा गुण असा की तो देणाऱ्याला पुढे कोणीही पकडू शकत नाही. चित्रपट चालला तर ‘मी चांगलाच म्हटलं होतं’, आपटला तर ‘मी काही चार दिले नव्हते’.

मत तयार होते ते मध्यंतरात, पॉपकॉर्नच्या रांगेत. पुढची माणसे चीज घ्यावे की कॅरमल यावर घोटाळत असतात, मागचा गृहस्थ ‘काय, कसा वाटतोय?’ असे विचारतो, आणि ‘फर्स्ट हाफ बरा आहे’ हे वाक्य जन्माला येते. या वाक्यामुळे दुसरा भाग ताणलेला असणे बंधनकारक होते. दिवे पुन्हा मालवल्यावर रसिकाचा अंगठा कामाला लागतो. फोनचा उजेड पॉपकॉर्नच्या टबाआड धरलेला असतो. पडद्यावर नायकाचा बाप शेवटचे काही सांगत असतो, त्याच वेळी टबाआड ‘इमोशन कमी पडलंय’ असे टाइप होत असते. मग शेजारून ‘गेला का बाप?’ अशी विचारणा होते, आणि त्यावर ‘बहुतेक’ असे उत्तर मिळते.

मताचे अधिकृत प्रकाशन सोमवारी होते. हार्बर मार्गावर वाशी सुटले की मानखुर्दपर्यंत मध्ये स्टेशन नाही, खाली खाडी आहे. ऐकणाऱ्याला उतरता येत नाही. अनुभवी रसिक नेरूळ, सानपाडा कथेच्या सारांशात घालवतो आणि क्लायमॅक्स पुलावर फोडतो. ज्यांनी अजून चित्रपट पाहिलेला नाही ते खिडकीतून फ्लेमिंगो शोधू लागतात, पण फ्लेमिंगो बारा महिने नसतात.

चित्रपट पाहून बोलण्याची दुसरीही एक रीत याच खाडीपलीकडे आहे. मुंबईत 1968 साली प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. तिथे चित्रपट संपला की लोक थांबत, चर्चा करत, आणि मंडळाच्या ‘वास्तव रूपवाणी’त त्यावर सविस्तर लिहीत. एकाच चित्रपटावर इतका वेळ घालवायचा, तर पुढच्या शुक्रवारचे काय? या प्रश्नाला चित्रपट संस्थांच्या चळवळीने आजवर समाधानकारक उत्तर दिलेले नाही.

मराठी चित्रपटाच्या बाबतीत रसिकाचे वर्तन स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. त्याचे मराठी चित्रपटावर प्रेम असते, आणि त्यात खोट नाही. ‘श्वास’ ऑस्करच्या स्पर्धेसाठी निवडला गेला तेव्हा, ‘कोर्ट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले तेव्हा त्याची मान ताठ झाली. ‘कोर्ट’ पाहिला का, हे विचारणे मात्र शिष्टाचाराला धरून नाही. एप्रिल 2015 मध्ये मल्टिप्लेक्सना संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत मराठी चित्रपट दाखवावा लागेल, असे राज्य सरकारने जाहीर केले. वाद झाला, अस्मितेला ऊत आला, आणि शेवटी दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ऐसपैस वेळ ठरली. दुपारी बारा ही मराठी माणसाची प्राइम टाइम आहे, हे तोवर कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

त्यानंतर वर्षभराने, 29 एप्रिल 2016 रोजी ‘सैराट’ आला. त्याच्यासाठी वेळेचा नियम काढून दाखवावा लागला नाही. 2023 च्या जूनअखेरीस आलेल्या ‘बाईपण भारी देवा’साठीही नाही. बायका गटागटाने, साड्या नेसून चित्रपटगृहात पोचल्या आणि त्यांनी मत देण्याआधी तिकिटे काढली. रसिकाने हे दोन्ही चित्रपट पाहिले, कारण न पाहिल्यास सोमवारी बोलता आले नसते.

बाकीच्या मराठी चित्रपटांबाबत त्याची प्रतिक्रिया ठरलेली आहे: ‘विषय चांगला आहे, ओटीटीवर आला की बघू.’ मग मंगळवारी तो ॲप उघडतो. सकाळी सव्वादहाचा एकच खेळ, तोही तीन स्टेशने पलीकडे, असे दिसले की तो संतापतो आणि मराठी चित्रपटावर होणाऱ्या अन्यायाबद्दल पुलावर बोलतो. मल्टिप्लेक्सवाल्यावर राग काढणे सोपे आहे, पण तो रविवार रात्रीचा गल्ला पाहून सोमवारपासूनचे खेळ लावतो, आणि त्या गल्ल्यात रसिकाची सहानुभूती जमा झालेली नसते. 2009 मध्ये निर्मात्यांनी मल्टिप्लेक्सविरुद्ध केलेल्या संपानंतर दोघांत जी तडजोड झाली, तिच्यात निर्मात्याचा वाटा पहिल्या आठवड्यात 50 टक्के आणि पुढे उतरत चौथ्या आठवड्यापासून 30 टक्के असा ठरला. म्हणजे चित्रपट टिकला तर चित्रपटगृहाचाच फायदा वाढतो. टिकवणारे गिऱ्हाईक तेवढे हवे.

तेव्हा ज्यांना या आठवड्याचा मराठी चित्रपट पाहायचा आहे, त्यांनी रविवारच्या आत तिकीट काढावे. ताऱ्यांचे नंतर बघता येईल.