सत्त्याण्णव-तीनचा टायर

स्पितीला जायचं ठरल्यावर तिघांनी सर्वांत आधी भांडण केलं ते टायरवरून. रजा मंजूर व्हायची होती, काझातल्या खोल्या बघायच्या होत्या, घरी तर अजून विषयही काढला नव्हता. पण टायरचं एकदा ठरू दे, मग बाकीचं बघू, यावर तिघांचं एकमत झालं. पुढच्या सबंध प्रवासात तसा योग पुन्हा आला नाही.

तिघांत वडीलधारे म्हणजे मामा. राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त, गाडी 411 सीसीची हिमालयन, आणि त्या गाडीच्या पेट्रोलचा हिशेब पहिल्या लिटरपासून वहीत. ते खरे मामा फक्त भाच्याचे. पण डॉक्टरही त्यांना मामाच म्हणत. भाचा हिंजवडीत नोकरी करतो आणि एक्सपल्स 200 चालवतो. डॉक्टर दातांचे. त्यांच्याकडे केटीएम 390 अ‍ॅडव्हेंचर, म्हणजे तिघांतली सर्वांत महाग आणि सर्वांत कमी चिखल पाहिलेली गाडी.

टायरचं शास्त्र ऐकायला सोपं आहे. डांबरावर जितकं जास्त रबर टेकेल तितकी पकड चांगली, म्हणून रस्त्याच्या टायरवर मोजक्या खाचा आणि बाकी सगळं रबर. चिखलात नेमकं उलट. तिथे रबराचे सुटे सुटे ठोकळे लागतात, म्हणजे ते मातीत रुततात. आणि ठोकळ्यांमध्ये रुंद फटी लागतात, म्हणजे चाक फिरताना अडकलेला चिखल आपोआप बाहेर फेकला जातो. फटीत अडकलेलं आपोआप निघून जातं, हा मुद्दा डॉक्टरांना फारच भावला. त्यांचा सगळा व्यवसाय ते निघत नाही यावर उभा आहे.

अशा ठोकळेवाल्या टायरला आपल्याकडे बटन टायर म्हणतात. फोटोत त्याच्याइतकं देखणं काही नाही. पण डांबरावर त्याचे ठोकळे वळणात वाकतात, गाडी डुलल्यासारखी वाटते, ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की पोटात गोळा येतो, आणि मागच्या चाकाचे मधले ठोकळे काही हजार किलोमीटरांत झिजून सपाट होतात. या दोन टोकांच्या मधल्या टायरांना कंपन्या टक्केवारी लावतात: 80-20, 60-40, 50-50. पहिला आकडा डांबराचा, दुसरा कच्च्या रस्त्याचा. ही टक्केवारी कुठलीही प्रयोगशाळा मोजून देत नाही, ज्याची त्याची कंपनी ठरवते, हे भाच्याने सांगितलं तेव्हा मामांनी चष्मा काढून पुसला. अर्जदाराने स्वतःची पत स्वतःच लिहून आणलेली कर्जप्रकरणं त्यांनी पाहिली होती. ती त्यांनी नामंजूर केली होती.

मग त्यांनी वही उघडली. पुणे ते मनाली सुमारे 2,000 किलोमीटर. मनाली ते काझा 200. काझाहून किन्नौर, शिमला करत चंदीगड साडेपाचशेच्या आसपास, आणि तिथून घर. सगळं मिळून साडेचार हजार. त्यात खरोखर दगडधोंड्यांचा रस्ता ग्रामफू ते लोसर, ऐंशीएक किलोमीटर. म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. भाच्याचं तोंड पडलेलं पाहून मामांनी काझाच्या आजूबाजूचे कच्चे रस्ते, कोसळलेल्या दरडी आणि हॉटेलांचे वाहनतळ धरून आकडा तीन टक्क्यांवर ताणला.

"आता मला सत्त्याण्णव-तीनचा टायर दाखव," ते म्हणाले.

"मामा, असा टायर कुणी बनवत नाही."

"बनवतात. माझ्या गाडीला कंपनीने बसवून दिलेला आहे तो."

तरीही तिघे नाना पेठेत गेलेच. नाना पेठेत दुचाकीचा कुठलाही भाग मिळतो, फक्त तो नेमका आपल्या मापाचा नसतो. टायरच्या कडेवर लिहिलेलं माप वाचणं हा एक स्वतंत्र अभ्यास आहे. मामांच्या पुढच्या टायरवर 90/90-21 होतं: रुंदी 90 मिलिमीटर, उंची रुंदीच्या 90 टक्के, आणि रिम 21 इंचांची. पुढचं चाक एवढं मोठं ठेवण्याचं कारण साधं आहे. मोठं चाक दगडाला कमी तिरकं भिडतं, त्यामुळे ते अडखळण्याऐवजी वर चढून जातं. मापापुढचा आकडा वजनाचा आणि अक्षर वेगाचं. 54 म्हणजे 212 किलो, एस म्हणजे ताशी 180 किलोमीटर. हा वेग हिमालयनला गाठायचा असेल तर तिला कड्यावरून ढकलावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मामांनी ते कानाआड केलं.

खरा घोळ मागच्या चाकाचा निघाला. हिमालयनच्या मागच्या टायरचं 120/90-17 हे माप परदेशी टायरांत सहजी सापडत नाही. बरेच जण त्याजागी 130/80-17 बसवतात. दुकानदारानेही तेच सुचवलं. मामांनी तिथल्या तिथे गुणाकार केला. जुन्या टायरची उंची 108 मिलिमीटर, नव्याची 104.

"चार मिलिमीटर कुठे गेले?"

"काका, एवढ्याने काही होत नाही."

"त्याचे पैसे कमी करणार का?"

दुकानदाराने चहा मागवला. तोवर मामांनी रांगेतल्या प्रत्येक टायरवरचे तारखेचे चार आकडे वाचून काढले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2319 असेल तर 2019 सालातला तेविसावा आठवडा. टायर वापरला नाही तरी रबर म्हातारं होतं आणि कडक पडतं, तेव्हा हे बघणं शहाणपणाचंच. पण पुण्यात असं बघणाऱ्याला दुकानदार टायर विकत नाहीत, फक्त सहन करतात.

शेवटी तिघांनी तीन निर्णय घेतले. मामांनी कंपनीचे टायर ठेवले आणि हवा मोजायचा काटा विकत घेतला. भाच्याने पुण्यातच दोन्ही चाकांना बटन टायर चढवले. डॉक्टरांनी सर्वांत हुशार, निदान त्यांच्या मते सर्वांत हुशार, तोड काढली: रस्त्याच्या टायरवर मनालीपर्यंत जायचं, बटन टायर मागच्या सीटवर बांधून न्यायचे आणि मनालीत बदलून घ्यायचे.

परिणाम दुसऱ्याच दिवशी दिसू लागले. भाच्याची गाडी ताशी ऐंशीच्या पुढे गेली की टायरांतून अखंड घूंऽऽ असा आवाज निघे. तो गाडीचाच आहे असं वाटून त्याने दोनदा साखळी तपासली. डॉक्टरांच्या पाठीमागे दोन टायर असे बांधलेले होते की आरशात त्यांना स्वतःचा माल सोडून काहीच दिसत नव्हतं. राजस्थानात महामार्गावरच्या एका पंक्चरवाल्याने त्यांना थांबवून टायरचा भाव विचारला. ते विकायचे नाहीत म्हटल्यावर त्याने आपल्या दुकानातले दोन त्यांना विकायचा प्रयत्न केला. मामा मात्र काही न बोलता, काही न होता चालले होते, आणि हेच बाकी दोघांना सर्वांत जास्त खुपत होतं.

मनालीत डॉक्टरांचे टायर बदलले. त्यांच्या गाडीला अलॉय चाकं आणि ट्यूबलेस टायर, त्यामुळे टायर रिमवर बसताना कॉम्प्रेसरच्या हवेने धाडकन आवाज होतो. तो ऐकून मामा दुकानाबाहेर गेले ते काम संपेपर्यंत आत आले नाहीत. काढलेले रस्त्याचे टायर डॉक्टरांनी दुकानदाराकडे सांभाळायला ठेवले. त्या क्षणी तिघांपैकी एकालाही काही खटकलं नाही.

पूर्वी इथून पुढे जायचं तर रोहतांगचा घाट चढावा लागे. 3 ऑक्टोबर 2020 ला अटल बोगदा सुरू झाला आणि त्या चढाऐवजी नऊ किलोमीटरचा सपाट, उजेडाचा रस्ता मिळाला. बोगद्यातून बाहेर पडून उजवीकडे वळलं की कोकसरवरून ग्रामफू येतं आणि तिथे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 505 लागतो. तो महामार्ग आहे हे फलकावरून कळतं. प्रत्यक्षात तिथे चंद्रा नदीच्या काठाने दगड पसरलेले असतात आणि त्यांतल्या त्यांत बसच्या चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या दिसतात. मोटारसायकलवाल्याने यातली एक धरायची. मधे खडीची वरंबी असते. एका चाकोरीतून दुसरीत जावंसं वाटलं की पुढचं चाक त्या वरंबीवर तिरकं चढतं आणि माणूस उतरतो.

मामा इथेच पडले. वेग पायी चालण्याइतका. सकाळच्या ओल्या चिकट मातीत त्यांच्या टायरच्या खाचा भरल्या, चाक तुळतुळीत झालं आणि हिमालयन अगदी सावकाश आडवी झाली. भाच्याने आधी फोटो काढला, मग गाडी उचलली. त्याच पट्ट्यातून डॉक्टर शांतपणे पार झाले. अडकलेलं निघून जातंय, असं त्यांनी पलीकडून दोनदा ओरडून सांगितलं. एवढ्या भागापुरता बटन टायरचा विजय निर्विवाद होता, आणि मामांनी तो वहीत नोंदवलाही: 'चिखल, 300 मीटर, डॉक्टर.'

भाच्याचा विजय मात्र हुकला. खडकाळ रस्त्यावर हवा थोडी कमी केली की टायर दगडावर पसरतो, पकड वाढते आणि धक्के कमी बसतात. मामांनी पुढची हवा 22 पीएसआयवर आणली होती. भाच्याने ती 14 केली. डकार रॅलीतले मोटारसायकलवाले तर अजिबात हवा भरत नाहीत, असं त्याचं म्हणणं. ते खरंच आहे. 2015 मध्ये सी. एस. संतोष हा डकारमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला, तेव्हापासूनची प्रत्येक डकार भाच्याला पाठ आहे. फक्त त्या गाड्यांच्या टायरात ट्यूबऐवजी फोमचं भरीव कडं असतं, त्यामुळे तिथे पंक्चर व्हायला काही नसतंच. एक्सपल्सच्या टायरात साधी ट्यूब होती. वाटेतल्या छत्रूच्या पुढे नाल्यात एका दगडावर पुढचं चाक आदळलं, टायर रिमपर्यंत दबला आणि मधे चिमटलेल्या ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा पडल्या.

नाले ओलांडायचे तर सकाळीच. दुपारी ऊन चढलं की वरचा बर्फ वितळून पाणी वाढतं. भाच्याने नवी ट्यूब चढवायला घेतली तेव्हा साडेनऊ वाजले होते. ट्यूब गुंडाळली जाऊ नये म्हणून तिला पावडर लावतात. ती डॉक्टरांच्या पिशवीतून निघाली, चंदनाची. टायर शेवटच्या वीतभर जागेत जाईना, म्हणून भाच्याने लिव्हरला जोर दिला. टायर बसला. हवा भरली. हवा गेली. लिव्हरच्या टोकाने नव्या ट्यूबला भोक पाडलं होतं. आता मामांनी आपल्या सामानातून 21 इंची ट्यूब काढली. ही ट्यूब अडीनडीला मागच्या लहान चाकातही ढकलून चालवता येते, म्हणून जाणते लोक मोठ्याच मापाची बाळगतात. मामांनी ती देताना किंमत सांगितली नाही, वहीत लिहिली. तोवर नाला गुडघाभर झाला होता आणि पलीकडे काझाहून आलेली बस थांबून प्रवासी हा कार्यक्रम बघत होते.

कुंझुमची खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे. येणारी वाहनं देवीच्या मंदिराला प्रदक्षिणा घालून पुढे जातात, तशी यांनीही घातली. तिथे डॉक्टरांनी फुगून टम्म झालेलं वेफर्सचं पाकीट दाखवून टायरही असेच फुगून फुटतील, अशी भीती घातली. मामांनी हॉटेलच्या बिलामागे हिशेब मांडला. पुण्यापासून इथवर बाहेरच्या हवेचा दाब घटतो, त्यामुळे काट्यावर पाचेक पीएसआयची भर पडते. पण टायरातली हवा तीसेक अंशांनी थंड झाली तर चारेक वजा होतात. बाकी जमा, एक.

"म्हणजे काही करायचं नाही?" डॉक्टर म्हणाले.

"पाकीट फोडा," मामा म्हणाले.

काझात पोहोचल्यावर डॉक्टर गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि गप्प झाले. इथून पुढे ताबो, नाको, किन्नौर, शिमला, मग सरळ डांबर, थेट पुण्यापर्यंत. त्यांच्या चाकांना बटन टायर होते. रस्त्याचे टायर मनालीत होते, आणि मनाली आता परतीच्या वाटेवर नव्हती.

बरेच फोन झाले. शेवटी मनालीच्या दुकानदाराने दोन्ही टायर सुतळीने बांधून चंदीगडच्या बसवर चढवले आणि कंडक्टरचा नंबर कळवला. तिघे किन्नौरमार्गे चंदीगडला उतरले तेव्हा टायर आदल्या दिवशीच येऊन पडले होते. मामांनी पार्सलची पावती मागून घेतली, किलोमीटरने भागली, शेजारी आपल्या पेट्रोलचा आकडा लिहिला आणि डॉक्टरांना विचारलं, की गाडीसुद्धा बसच्या टपावरच का नाही टाकली.